सोवळ्यातला चिखल

मुलांनो, नीट बसा. आधी आपापल्या पायांची बोटं बघून घ्या. स्वच्छ आहेत? मग सांगायला हरकत नाही.

एका जंगलात एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेलं. जंगल कुठलं ते विचारू नका. नाव घेतलं तर तिथले लोक निषेधाचा ठराव करतील आणि मला उत्तर लिहीत बसावं लागेल.

तर ह्या साळूबाई वैदू होत्या. त्यांची आई सोनकाटी, तीही वैदू. वैदूच्या अंगावर काटे असले की बरं असतं. रोगी गळ्यात पडून रडत नाही. चार हात लांब बसतो आणि मुद्द्याचं बोलतो.

त्या जंगलात खुरसडा नावाचा रोग होता. खुरांच्या, नखांच्या बेचक्यात आधी खाज सुटे. मग सूज येई. मग मांस सडू लागे आणि प्राणी लंगडू लागे. शहरात लंगडणाऱ्याला कोणीतरी बसायला जागा देतं. जंगलात लंगडणाऱ्याला वाघ गाठतो. म्हणून खुरसडा झाला की घरचे लोक आधीच निरोप घेऊन ठेवत.

पण त्यावर औषध होतं. सोनकाटीने शोधलेला कडूलेप. दहा दिवस लावायचा, रोग बरा. त्या काळी कडूलेपाच्या नुसत्या वासाने रोगाचे जंतू मरत.

मग प्राण्यांना ह्या लेपाचं फार प्रेम आलं. उचकी लागली, लाव कडूलेप. सुनेने उलट उत्तर दिलं, लाव कडूलेप. माकडं तर उडी चुकली तरी शेपटीला लेप लावत. आणि ज्यांना खरोखर खुरसडा होई, ते तिसऱ्या दिवशी खाज थांबली की लेप बंद करत. उरलेला ढोलीत खुपसून ठेवत. म्हणत, "असू दे, पाहुण्यांना उपयोगी पडेल."

आता तीन दिवस मार खाऊन जे जंतू जिवंत राहिले, ते निगरगट्ट झाले. त्यांनी आपल्या पोराबाळांना शिकवलं. त्या पोराबाळांनी आपल्या पोराबाळांना शिकवलं. शेवटी अशी वेळ आली, की जंतू कडूलेप चटणीसारखा तोंडी लावू लागले.

सोनकाटी त्याच दुःखात गेली. जाताना लेकीला म्हणाली, "माझ्या लेपाचं मातेरं केलं गं यांनी."

साळूबाईंनी सात वर्षं नवं औषध शोधलं. एका जुन्या उंबराच्या ढोलीत त्यांना निळसर बुरशी सापडली. तिचा त्यांनी लेप केला, निळालेप. पहिली परीक्षा स्वतःच्याच पायावर घेतली. त्यासाठी आधी खुरसडा लावून घ्यावा लागला, तोही घेतला. दुसरी परीक्षा वीस सशांवर घेतली. ससे बरे झाले. आता राहिली तिसरी आणि शेवटची परीक्षा, तीनशे प्राण्यांवर. ती पार पडली की औषध मान्यता मंडळापुढे जायचं होतं. मंडळाने हो म्हटलं की औषधाला आईचं नाव द्यायचं, हे साळूबाईंनी ठरवलं होतं. सोनकाटी लेप.

आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत व्हायला हवं होतं. ओल आली की खुरसडा वणव्यासारखा पसरतो.

घाईचं आणखी एक कारण होतं. त्यांची मैत्रीण भिवरा.

भिवरा हे भेकर होतं. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. भिवराचं बोलणंही तसंच होतं. पळस फुलला तेव्हापासून तिचा मागचा डावा पाय खुरसड्याने धरला होता. साळूबाईंच्या बिळात निळालेपाचं मडकं भरलेलं होतं आणि बिळाबाहेर मैत्रीण लंगडत होती. पण मान्यतेआधी परीक्षेबाहेरच्या कोणाला औषध द्यायचं नाही, असा नियम होता. साळूबाई नियमाच्या पक्क्या. म्हणून त्यांनी भिवराचं नाव तीनशे जणांत घातलं.

मान्यता मंडळाचे अध्यक्ष होते गवाजी. गवा रवंथ करतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. आधी नुसतं गिळायचं आणि मग सवडीने परत तोंडात आणून चावत बसायचं. अध्यक्षाला याहून वेगळं काय यावं लागतं? मंडळाचे चिटणीस होते कासव. त्यांच्या पोटात गोष्ट राहते, कारण ते स्वतःच आत जाऊन बसतात.

गवाजींनी परीक्षेची पद्धत ठरवून दिली.

"दीडशे जणांना निळालेप द्यायचा. दीडशे जणांना चिखल."

"चिखल?" भिवरा भुंकली. "चिखल कशाला, अहो?"

"तुलना नको? चिखलापेक्षा औषध सरस आहे, हे सिद्ध नको व्हायला?"

साळूबाईंना हे पटलं. मुलांनो, पद्धत खरंच बरोबर होती. गवाजी दिसतात तितके मठ्ठ नव्हते. चिखलात गोकर्णीच्या फुलांचा रस घालून तोही निळा केला. दोन्ही सारख्याच पानांत बांधले. कोणाला काय मिळतंय, ती यादी कासवाने पाठीच्या आत ठेवली. साळूबाईंनाही ती दाखवायची नव्हती.

"आणि पुड्या पाणवठ्यावरच वाटायच्या," गवाजी म्हणाले. "रोज सकाळी, सगळ्यांदेखत. तिथे शिस्त असते. तिथे वाघसुद्धा कोणाला हात लावत नाही. पाणवठ्यावर रीतीबाहेर कोणी वागत नाही."

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

इकडे टिटवीचा धंदा सुरू झाला. टिटवी झोपताना पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर तोलून धरायला. इतकी दूरदृष्टी असलेल्या बाईने भविष्य सांगायचं नाही तर काय करायचं? ती खडकावर उभी राहून रोज ओरडे, "निळालेपाला मान्यतेची शक्यता दहा आणे!" दुसऱ्या दिवशी, "बारा आणे!" हे आणे ती गवाजींच्या शेपटीवरून काढत असे. शेपूट डावीकडे गेली की दोन आणे वर, उजवीकडे गेली की दोन आणे खाली. गवाजी माश्या हाकलत होते.

पण जंगल टिटवीच्या आण्यांवर चालू लागलं. बारा आणे झाले त्या दिवशी माकडांनी बुरशीच्या आशेने सगळ्या उंबरांवर फांद्या अडवून ठेवल्या. आठ आणे झाले तेव्हा सोडून दिल्या. चौदा आणे झाले तेव्हा त्याच फांद्यांवरून मारामारी झाली आणि सातजणांनी शेपटीला कडूलेप लावला.

परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. पुड्या वाटल्या. भिवराने आपली पुडी सोडली. साळूबाई शेजारीच होत्या. रंग निळाच होता, पण सात वर्षं त्या बुरशीत नाक घालून बसलेल्या बाईला वास कळणार नाही?

पुडीत चिखल होता.

"काय गं, हुंगतेस काय माझी पुडी?" भिवरा म्हणाली. "लेप कसा गार लागतोय बघ. वाटतं, उतरणार यानं."

साळूबाईंनी नाक मागे घेतलं. तडक बिळात गेल्या. मडकं पुढ्यात घेऊन बसल्या. एक पुडी बदलायची होती. एकच. कासवाला पत्ता लागला नसता, आणि लागला असता तरी ते येईपर्यंत आठवडा गेला असता. पण एक पुडी बदलली की तीनशे पुड्या खोट्या. मग औषध खरं की खोटं, ते कोण सांगणार? त्यांनी मडकं परत कोपऱ्यात ठेवलं आणि मग त्या रडल्या. साळू रडते तेव्हा अंग थरथरतं आणि काटे खळखळ वाजतात. पलीकडच्या बिळातली घूस ओरडली, "कोण आलंय गं एवढं वाजतगाजत?"

पुढचे नऊ दिवस साळूबाईंनी भिवराच्या डोळ्यांत पाहिलं नाही. पायाकडे मात्र रोज पाहिलं.

चौथ्या दिवशी सूज ओसरली. सातव्या दिवशी जखम कोरडी पडली. दहाव्या दिवशी भिवरा पाय टेकून चालू लागली.

साळूबाईंना इतका आनंद झाला की त्यांचे चार काटे गळून पडले. मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चिखलाने? त्यांनी बाकीचे पाय पाहिले. ज्याच्या पायाला लेपाचा वास, तो बरा. ज्याच्या पायाला चिखलाचा वास, तोही बरा. आणि नीट हुंगलं, तर सगळ्यांच्याच पायांना दोन्ही वास.

"भिवरा, खरं सांग. तुझ्या पुडीत काय होतं?"

"अर्धं माझं, अर्धं मुसंडीरावांचं."

"काय?"

मुसंडीराव हे शेजारी बसणारे रानडुक्कर. ते छाती पुढे काढून म्हणाले, "म्हणजे काय बाई? पाणवठ्यावर आणलेल्या वस्तूतलं अर्धं शेजाऱ्याला द्यायचं. आजोबापणजोबांपासूनची रीत आहे. मी माझ्यातलं अर्धं यांना दिलं, यांनी त्यांच्यातलं अर्धं मला. आपण काय रीत सोडणारे आहोत होय?"

"अहो, ती रीत खाण्याची!"

"आम्ही चाखूनही पाहिलं. बरं होतं."

साळूबाईंनी दोघांचे पाय पुन्हा हुंगले. ही रीत त्यांना माहीत नव्हती असं नाही. पण साळू एकटी राहणारी, एकटीच पाण्यावर जाणारी. तिच्या शेजारी कोणी बसतच नाही, तर अर्धं द्यायचं कोणाला? सात वर्षं त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. शेजारधर्माचा करायचा राहून गेला.

मंडळाची बैठक भरली. गवाजींनी अहवाल वाचला.

"निळालेप. दीडशेपैकी एकशे एकतीस बरे. चिखल. दीडशेपैकी एकशे एकतीस बरे."

"आणि बाकीचे अडतीस?" साळूबाईंनी विचारलं.

"बेपत्ता."

"बेपत्ता नाहीत हो! ते बरे होऊन डोंगरापलीकडे पळाले. पळता येतंय म्हणून पळाले!"

"मोजणीच्या वेळी हजर नव्हते," कासव म्हणाले. "पाय बरा झाल्याने रोगी निघून जातो, हा दुष्परिणाम म्हणून नोंदवला आहे."

खडकावर टिटवी किंचाळली, "शक्यता एक आणा!" माकडांनी उंबरावरून धडाधड उड्या टाकल्या.

"अध्यक्षमहाराज," साळूबाई हात जोडून म्हणाल्या, "यांनी वाटून लावलं. प्रत्येकाच्या पायावर अर्धं औषध होतं. म्हणून सगळे बरे झाले. आणि अर्धंच होतं, म्हणून रोग मुळापासून गेलेला नाही. तो परत येईल."

गवाजींनी बराच वेळ रवंथ केलं.

"म्हणजे नियम मोडला गेला. तर निळालेपाची परीक्षा बाद."

"मग पुन्हा घ्या! मी उद्या तयार आहे."

"घेऊ. उपसमिती नेमू. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

"पावसाळा महिन्यावर आलाय हो!"

"म्हणूनच," गवाजी म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला, "म्हणूनच हे मंडळ जनतेला वाऱ्यावर सोडणार नाही. ज्याने एकशे एकतीस जण बरे झाले, जो मुबलक आहे, वाडवडिलांपासून चालत आला आहे, आणि ज्यात मी स्वतः रोज लोळतो, त्या चिखलाला मंडळ एकमताने मान्यता देत आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत मोठ्या टाळ्या म्हशींच्या होत्या. टिटवी सगळ्यांना सांगत सुटली, "मी म्हटलंच होतं, काहीतरी मंजूर होणार!"

साळूबाई घरी आल्या. त्यांना अपमान वाटला. राग आला. सर्वांत जास्त म्हणजे आईची आठवण आली.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी भिवरा दारात उभी राहिली. नेहमीसारखी भुंकली नाही.

"साळू, परत खाजतंय गं."

साळूबाईंनी तिचा पाय उचलून पाहिला. अर्ध्या लेपातून वाचलेले जंतू होते हे. अजून कोवळे होते, पण शिकायला लागले होते. ह्या पावसाळ्यात त्यांना मोकळं रान मिळालं, तर निळालेपाचीही चटणी होणार. आणि त्याच्या आधी ह्या भुंकणाऱ्या बाईला वाघ नेणार.

"चल आत," त्या म्हणाल्या. "नियम गेला खड्ड्यात. तुला आज लावते."

"आणि बाकीच्यांना? मुसंडीरावही खाजवतायत. कालपासून झाडाला पाय घासतायत."

"बाकीच्यांना कसं देऊ? बंदी आहे."

"लेपाला बंदी आहे. चिखलाला मान्यता आहे ना? मग कालव की चिखलात."

"ते खोटं होईल, भिवरा."

"आणि त्या बैठकीत खरं काय होतं?"

साळूबाईंनी मडक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यानेही काही व्हायचं नाही. पुन्हा वाटून लावतील. तिसऱ्या दिवशी खाज थांबली की सोडतील. उरलेला ढोलीत ठेवतील. ही जात औषध पुरं करत नाही."

"औषध नाही करत," भिवरा म्हणाली. "पण व्रत कोणी अर्धवट सोडलेलं पाहिलंयस?"

दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी मंडळाकडे अर्ज केला. मान्यताप्राप्त चिखल कालवून पायांना लावण्याचं काम मला द्यावं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. चिखलाचा मान सगळ्यांना हवा होता, पण हात कोणालाच भरवायचे नव्हते.

उंबराखाली दोन मडकी मांडली गेली. साळूबाईंनी खाकरून घसा साफ केला.

"ऐका हो. हा सोवळ्यातला चिखल आहे. दहा दिवसांचं व्रत आहे. रोज उगवतीला तोंड करून माझ्याच हातून लावून घ्यायचा. दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. घरी न्यायचा नाही. मध्येच सोडला, तर पुढचे सात जन्म गोगलगाय. दहाव्या दिवशी इथे येऊन उद्यापन. मी पाय बघणार आणि मगच फळ मिळणार."

मुलांनो, चमत्कार झाला. ज्या माकडांना तीन दिवस लेप लावायचा धीर नव्हता, ती पहाटे आंघोळ करून रांगेत उभी राहू लागली. मुसंडीरावांनी शेजाऱ्याला अर्धं द्यायला पुडी उघडली नाही, कारण पुडीच नव्हती. दहा दिवस ते दुसऱ्या कुठल्याही चिखलात लोळले नाहीत. डुकराच्या जातीला हे किती जड जातं, ते त्यांच्या बायकोला विचारा. "सातव्या दिवशी खाज पार गेली होती हो," ते सांगत, "पण उद्यापनाशिवाय सोडतो होय! आमच्या घरात असलं पाप नाही."

साळूबाई प्रत्येकाचा पाय आधी उचलून बघत. खुरसडा असेल, तर उजव्या मडक्यातला चिखल. त्यात निळालेप होता. उचकीवाले, सुनेवाले, उडी चुकलेले, यांना डाव्या मडक्यातला. त्यात नुसता चिखल होता. उचक्याही थांबल्या. उचकी तशीही थांबतेच.

पावसाळा आला. नदीला दोनदा पूर आला. जंगल ओलंचिंब झालं. खुरसडा आला नाही. भिवरा चारी पायांवर उड्या मारत सगळ्या जंगलाला तेच तेच सांगत फिरली आणि वाघाने तिचा नाद सोडला.

मग मंडळाने चिखल गौरव सोहळा केला. गवाजींना रानमोगऱ्याचा हार घातला. कासवांचा सत्कार होता, पण ते दुसऱ्या दिवशी पोचले. टिटवीने चिखलाच्या भवितव्यावर भाषण केलं आणि सोळा आणे जाहीर केले.

साळूबाई मागे, एका झुडपाशी बसल्या होत्या. चिखल कालवणारीला पुढची जागा नव्हती. त्यांना वाईट वाटत होतं. फार वाटत होतं. सात वर्षांत आईचं नाव एकदाही कोणाच्या तोंडी आलं नव्हतं.

भिवराने ढुशी द्यायला मान पुढे केली, काटे आठवले आणि मान मागे घेतली.

"ऊठ की," ती म्हणाली. "जा वर आणि सांग सगळ्यांना. औषध तुझं आहे, तुझ्या आईच्या नावाचं आहे. आता मान्यता देतील. आता द्यावीच लागेल."

साळूबाई अर्ध्या उठल्याही. तेवढ्यात मंचावर, हारांच्या ओझ्याखाली, गवाजींना उचकी लागली.

मोठी उचकी. सगळी सभा काळजीत पडली. "औषध आणा, औषध आणा," असा गलका झाला.

साळूबाई खाली बसल्या.

"गप," त्या भिवराला म्हणाल्या. "एक अक्षर बोलू नकोस. जा, डावं मडकं घेऊन ये."

तात्पर्य

औषध रामबाण निघालं, तर त्याला मान्यतेपासून जपावं. मान्यता द्यायचीच झाली, तर ती चिखलाला द्यावी. चिखल कितीही वापरला तरी बिघडत नाही, कारण मुळात त्यात काही नसतंच.

मुलांनो, आता घरी जा आणि फडताळ उघडा. वरच्या कप्प्यात, तुटक्या चष्म्याच्या मागे, तीन गोळ्या खाऊन उरलेलं पाकीट असेल. ते कोणी ठेवलं म्हणून विचारू नका. पाहुण्यांसाठी आहे.